मोडण्याचा अधिकार कोणाचा?

गेल्या हिवाळ्यात आम्ही सोनपेठच्या मंडळीतील चौघे जण काही कामानिमित्त मुंबईस गेलो होतो. काम लवकर आटोपले व एक दिवस हाती उरला. सोबत्यांपैकी कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. म्हणून घारापुरीचे बेट पाहून यावे असे ठरले. त्या बेटावर जो प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, तो गावोगावच्या विश्वासी बंधुभगिनींच्या घरांतही आहे. म्हणून तो येथे मांडीत आहो.

आमच्याबरोबर पाथरवटाचा धंदा करणारे एक वडील बंधू होते, एक वृद्ध भगिनी होत्या, आणि दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेला एक तरुण होता. अपोलो बंदरावरून नाव सुटली. गंगाखेडला गंगेचा पूर पाहिलेल्या त्या आजी काठ दिसेनासा झाला तेव्हा गप्पच बसल्या. सुमारे तासाभराने बेट आले. गर्द झाडीने झाकलेले ते दोन टेकड्यांचे बेट असून त्यावर शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर ही तीन गावे आहेत. मुंबईचे दिवे समोर दिसत असूनही येथे समुद्राखालून तार टाकून कायमची वीज पोहोचली ती २०१८ साली! दोन्ही बाजूंची दुकाने व मधूनमधून धावणारी माकडे पाहत, पुष्कळ पायऱ्या चढून आम्ही मोठ्या लेण्यापाशी आलो.

आत पाऊल टाकताच सर्वांचे बोलणे थांबले. समोर सुमारे वीस फूट उंचीचे तीन मुखांचे भव्य शिल्प. भोवती शिवाच्या कथांचे कोरीव देखावे. पण नटराजाचे हात तुटलेले, पाय नाहीसे झालेले. विवाहाच्या देखाव्यातील मूर्ती गुडघ्याखाली भंगलेल्या. पाणी व काळ यांनी काही हानी केली असेल. परंतु जुन्या प्रवाशांच्या लेखांत बराचसा दोष पोर्तुगीज शिपायांवर ठेविलेला आढळतो. १५३४ साली हा मुलूख त्यांच्या हाती आला होता.

हे आम्ही सांगताच तो तरुण म्हणाला, “पाळकसाहेब, मग त्यांनी बरेच केले म्हणायचे. मीसुद्धा घरी गेलो की मायचा देव्हारा विहिरीत टाकणार आहे.” त्याची माय अद्याप विश्वासात आलेली नाही.

आम्ही उत्तर देण्यापूर्वीच पाथरवट बंधूंनी एका तुटक्या दंडाकडे बोट दाखविले. ते म्हणाले, “लेकरा, हा हात बाहेरून आणून बसविलेला नाही. अखंड डोंगरातून टाकीने काढलेला आहे. आता नवा हात लावायचा तर नवा डोंगर पाहिजे.” तरुण काही बोलला नाही, परंतु त्याचे समाधान झालेले दिसले नाही. आणि खरेच, कारागिराची हळहळ हे प्रश्नाचे पुरते उत्तर नव्हे. जे असत्य आहे असे आपण मानतो ते सुंदर असले म्हणून राखावे काय?

परतीच्या नावेत त्याने आम्हांस शास्त्रातूनच गाठले. “गिदोनाने बापाची वेदी मोडली नाही काय?” हा प्रश्न पोकळ नव्हता. गिदोनाने वेदी मोडली हे खरे. परंतु ज्यांची ती वेदी होती ते लोक जिवंत देवाशी करार करून बहकलेले होते. त्याने आपल्याच घराचा मोडलेला शब्द सांधला. त्या तरुणाच्या मायने असा करार कधी केलेलाच नाही. जो शब्द तिने दिला नाही, तो मोडल्याची शिक्षा तिला कशी द्यावी?

दुसरीकडे पौलाकडे पाहा. अथेनै शहर मूर्तींनी भरलेले पाहून त्याचा जीव तळमळला. तरी त्याने हातोडा उचलला नाही. तो हिंडला, त्यांच्या वेद्या नीट पाहिल्या व त्यांच्यापैकीच एका वेदीपासून आपले भाषण सुरू केले. इफिसात तर दंगल उसळली असता खुद्द शहराच्या लेखकाने साक्ष दिली की, या माणसांनी देवळे लुटलेली नाहीत. सुवार्तिकास परक्याकडून मिळालेले याहून मोठे प्रशस्तिपत्र आम्हांस ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, ते शिपाई रोमन पंथाचे होते. त्यांच्याशी आमचा काय संबंध? परंतु १५६६ साली नेदरलंड देशात आमच्याच प्रॉटेस्टंट पंथाच्या जमावांनी रोमन मंडळ्यांच्या मंदिरांतील मूर्ती व चित्रे फोडली. हात झटकून मोकळे होण्यास जागा नाही. शिवाय फोडणारा जे फोडतो तेवढेच नाहीसे होत नाही. दियोगु दु कूतु या पोर्तुगीज बखरकाराने लिहिले आहे की, घारापुरीचा एक शिलालेख पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला. तो वाचणारा कोणी मिळाला नाही व पुढे तो दगडच हरवला. ही लेणी बहुधा सहाव्या शतकातील. पण ती कोणी कोरविली हे आज निश्चयाने सांगता येत नाही. ज्याची भाषा आपण वाचली नाही त्यावर हात टाकला की असे होते.

येथे आम्हांस आपला दोष कबूल केला पाहिजे. वीस वर्षांपूर्वी एका नवविश्वासी तरुणाने बापाने पूजलेले टाक नदीत फेकले, आणि आम्ही मंडळीपुढे त्याची वाहवा केली. बापाने मरेपर्यंत त्या मुलाच्या हातचे पाणी घेतले नाही, व आमचे एक वचनही कानांवर पडू दिले नाही. टाक गेले, पण बापाचे मन त्यांच्याच मागे गेले. त्यात मुलाचा दोष थोडा, आमचा अधिक. हे आम्ही नावेतच त्या तरुणास सांगितले.

आपल्या मंदिरावरील वधस्तंभ कोणी पाडला तर आपणांस काय वाटेल? तेच दुसऱ्यास वाटते. आपल्या मनातील मूर्ती जरूर मोडाव्यात. तेथे आपला अधिकार पुरता आहे, व काम जन्मभर पुरेल एवढे आहे. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यावर आपला अधिकार नाही. तो त्याने स्वखुशीने उचलला तरच उचलला गेला. एरवी केवळ लाकूड हलते.

त्या तरुणाने घरी जाऊन देव्हाऱ्यास हात लावला नाही. माय सकाळी दिवा लावते; तो दुसऱ्या कोपऱ्यात गुडघे टेकतो. परवा मायने त्यास विचारले म्हणे, “डोळे मिटून रोज कोणाशी बोलतोस रे?” याहून अधिक अद्याप काही घडलेले नाही. परंतु देव्हारा विहिरीत पडला असता तर हा प्रश्न तिने विचारला असता काय, याचा विचार वाचकांनी आपापल्या घरी करावा.