ज्यांची दहावी झाली नाही, त्यांची उमेदवारी

ज्याच्याकडे प्रमाणपत्र सर्वांत कमी, त्याला काम करता करता शिकण्याची गरज सर्वांत जास्त. आपली व्यवस्था नेमकी उलटी चालते. शिकाऊ उमेदवार म्हणून आधी त्यालाच घेतात, ज्याच्या हाती आधीच एखादा कागद आहे.

कायद्याचा दोष म्हणावा, तर तसे नाही. 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली 2019 साली सुधारलेल्या नियमांत पाचवी ते नववीपर्यंत शिकलेल्यांसाठी महिना किमान 5,000 रुपये विद्यावेतन ठरवले गेले, पदवीधरांसाठी 9,000. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. 2016च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, 1,500 रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलते. म्हणजे नववीत शाळा सुटलेल्या मुलीलाही दार उघडे आहे.

मात्र दहावीखालच्यांसाठी या टक्केवारीत वेगळा वाटा राखलेला नाही. आयटीआय झालेला, पदविकाधारक, पदवीधर यांपैकी कोणालाही घेतले तरी संख्या भरते. मग ज्याला मोजपट्टी वाचण्यापासून शिकवावे लागेल, त्याला कारखानदार कशाला निवडेल? नव्या सरकारी योजनांचा उंबरठाही उंचच आहे. 2024च्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेला किमान दहावी लागते; त्याच वर्षीच्या महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेला बारावी.

ही मुले रिकामी बसत नाहीत. गॅरेजमध्ये, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये, वायरमनच्या हाताखाली ती शिकतातच. उस्तादाची विद्या खरी असते; तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिथे करार नसतो, विद्यावेतन ठरलेले नसते, डोळ्यांवर काळा चष्मा असेलच असे नसते. ड्रॉइंग वाचायला किंवा विजेचा भार मोजायला कोणी बसून शिकवत नाही. दहा वर्षांनी उभ्या जोडावर सफाईने वेल्डिंग करणारा तो हात मोठ्या कंपनीच्या फाटकावर ‘हेल्पर’ म्हणूनच नोंदला जातो. शिक्षण झाले, पण त्याची नोंद कुठेच नाही, हा खरा अन्याय आहे.

स्वित्झर्लंडने या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थेतच घातले. शालेय अभ्यासात मागे पडलेल्यांसाठी तिथे दोन वर्षांची वेगळी उमेदवारी आहे. आठवड्यातले बहुतेक दिवस कामावर, साधारण एक दिवस व्यवसायशाळेत, आणि अडलेल्याला स्वतंत्र मार्गदर्शन. शेवटी देशभर मान्य असलेले प्रमाणपत्र मिळते. तयारी असेल तर त्याच व्यवसायाच्या पूर्ण मुदतीच्या उमेदवारीत थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. पहिली पायरी ठेंगणी ठेवली, पण तिच्यावरची पायरी काढून घेतली नाही.

आपल्याला हे नवे नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तोच शाळा सुटलेल्या ग्रामीण मुलांचा विचार करून. वर्षभराच्या निवासी अभ्यासक्रमात मुले वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती आणि आरोग्य ही कामे करत त्यांमागचे गणित-विज्ञान शिकतात. गावाला खरोखर लागणारे काम करून त्याचा मोबदला घेणे हाही अभ्यासाचाच भाग. पुस्तकाने दमलेली मुले हातातल्या कामातून विज्ञानाकडे वळू शकतात, हे पाबळने चार दशके दाखवले आहे.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. शिकाऊ उमेदवारांच्या सक्तीच्या संख्येत दहावीखालच्यांचा स्वतंत्र वाटा ठरावा. त्यांची पहिली उमेदवारी पूर्ण झाली की आयटीआयच्या पुढच्या टप्प्यात सरळ प्रवेश मिळावा. आणि एकट्याने प्रशिक्षण देणे न परवडणाऱ्या लहान कारखान्यांना औद्योगिक वसाहतीत एकत्र येऊन सामाईक मूलभूत प्रशिक्षण चालवता यावे, यासाठी शासनाने जागा आणि निदेशक द्यावेत.

कायदा बदलायला वेळ लागेल. पण हा अंक वाचणाऱ्यांत कारखानदार आहेत, कंत्राटदार आहेत, मुख्याध्यापक आहेत. मुख्याध्यापकांनी शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती दाखल्याबरोबर शिकाऊ उमेदवारीची माहिती द्यावी. उद्योजकांनी या वर्षी निदान एक जागा दहावी न झालेल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी ठेवावी आणि रीतसर करार करून ती भरावी. आजच्या नियमांत याला कोणतीही आडकाठी नाही.