वास्तूचे वय कोणी मोजायचे?

गेल्या एकादशीला मुलुंडच्या एका सोसायटीत आम्ही भजनाला गेलो होतो. आरती झाली, टाळ पिशवीत गेले, आणि गोष्ट निघाली ती पुनर्विकासाची. एक आजी म्हणाल्या, "माउली, चाळीस वर्षं झाली, घराला तडा नाही. मग पाडायचं कशाला?" शेजारचे तरुण गृहस्थ म्हणाले, "आजी, हिशोबानं घराचं वय संपलंय." हे ऐकून आम्ही विचारात पडलो. जे घर धडधाकट उभे आहे, त्याचे वय संपले म्हणजे काय?

विचार करता असे दिसते की वास्तूला दोन वये असतात. एक अंगच्या बळाचे. खांब-भिंती तग धरतील तोवरचे. दुसरे पैशाचे, ती राखणे परवडेल तोवरचे. उपनगरांत जागेचा भाव असा चढला आहे की चार मजल्यांच्या जागी वीस मजले बांधले तर वरची घरे विकून बिल्डरचा खर्च आणि नफा निघतो, शिवाय जुन्या रहिवाशांना नवे घर मिळते. म्हणून दुसरे वय पहिल्याच्या आधीच सरते. घर म्हातारे झालेले नसते, खालची जमीन महाग झालेली असते.

मग पाडणे हा निव्वळ लोभच काय? तसे म्हणून मोकळे होता येत नाही. इथल्या खाऱ्या, दमट हवेत गळतीचे पाणी स्लॅबमध्ये मुरते, आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. बाहेरून मात्र रंग चकचकीत! म्हणूनच मुंबईत ३० वर्षांवरील इमारतीची तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी सिद्धी-साई इमारत कोसळून १७ जीव गेले. तळमजल्यावरील फेरफारांकडे तेव्हा बोट दाखवले गेले. धोक्याच्या घराला माया म्हणून चिकटून राहणे ही माया नव्हे, मोह आहे.

पुलांचेही तेच. अंधेरीचा गोखले पूल १९७५ चा. ३ जुलै २०१८ रोजी त्याच्या पादचारी मार्गाचा भाग रेल्वेच्या रुळांवर पडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद झाला, मग पाडला. नवा पूल पुरता खुला व्हायला मे २०२५ उजाडला. जुन्याने पन्नाशी गाठली नाही. उलट विहार तलाव १८६० चा, तो आजही मुंबईला पाणी पाजतो. दोन्ही कामे निराळी हे खरे. पण नुसती साले मोजून वास्तूचे वय कळत नाही, एवढे त्यावरून दिसते. बांधताना काय घातले आणि पुढे कोणी किती निगा राखली, यावर ते ठरते.

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा ती गळ्यात घेतो. वीणा कोणा एकाची नसते, पहारा तेवढा आपला असतो. घराचे आणि पुलाचेही तसेच नव्हे काय? गच्ची गळते, "पुढच्या साली पाहू" म्हणून आपण वर्गणी टाळतो. तो आपल्याच पहाऱ्यात वीणा जमिनीवर ठेवण्याचा प्रकार होय.

तेव्हा आजींना आम्ही एवढेच सांगितले: आधी तपासणी करून घ्या. इमारत धोक्याची निघाली तर मुकाट्याने बाहेर पडा. दुरुस्तीने भागत असेल तर आणखी दोन खोल्यांच्या आशेने धड घरावर घण घालू नका. आणि पाडायचेच ठरले, तर भाडेकरू कुठे जाईल, नव्या उंच इमारतीचा महिन्याचा खर्च पेन्शनीत भागेल काय, हे सभेत मोठ्याने विचारा. २०१९ पासून पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. ५१ हात वर झाले की कायद्याचे भागते. उरलेल्या ४९ जणांची काळजी वाहणे हे धर्माचे काम.

आजी म्हणाल्या, "म्हणजे वय घराचं नाही, आपल्या मनाचं तपासायचं." आम्हांस याहून अधिक सांगता आले नसते. रामकृष्ण हरि!