पन्नाशीला पन्नास किलोमीटर

चाळिशीला चाळीस, पन्नाशीला पन्नास. धावणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा हिशेब आता कुणाला नवा नाही. ज्याचा वाढदिवस, त्याने वयाइतके किलोमीटर धावायचे आणि मित्रांनी सोबत करायची. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, त्याच्या पुढे सगळं अल्ट्रा. म्हणजे या हिशेबाने माणूस त्रेचाळिसाव्या वाढदिवसाला अल्ट्रा रनर होतो, पदक मिळो न मिळो.

साताऱ्यात असाल तर यवतेश्वरचा घाट चढून कास गाठायचं आणि परत यायचं. २०१२ साली सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाल्यापासून या घाटात पळणारी माणसं दिसली की कुणी वळून बघत नाही. सांगलीत असाल तर कृष्णाकाठच्या सपाट रस्त्याने, उसाच्या ट्रॉल्या चुकवत औदुंबरला जाऊन यायचं. दोन्हीकडे आकडा पन्नाशीच्या आसपास जातो. थोडा कमी पडला तर शेवटी गल्लीत दोन फेऱ्या मारून भरून काढता येतो.

घरची मोठी माणसं यावर एकच प्रश्न विचारतात : हा वाढदिवस आहे की शिक्षा? त्यांच्या विचारण्यात तथ्य आहे. आपल्याकडे मोठ्या वाढदिवसांची रीत वेगळी आहे. साठीशांत, एकसष्टी, पंचाहत्तरी, ऐंशी ओलांडली की सहस्रचंद्रदर्शन. या सगळ्यांत उत्सवमूर्ती पाटावर बसते. दिवे लावून तिला ओवाळतात, कुणी तुला करतात, पंगत उठते. घाम गाळतात ते बाकीचे. इथे मात्र उत्सवमूर्तीच पहाटे चारला उठून घाट चढते, आणि वर मित्रांना म्हणते, तुम्हीही चला.

यातून दोन प्रश्न निघतात. एक, आपल्या आनंदासाठी मित्रांकडे इतके कष्ट मागावेत का? दुसरा जास्त अवघड आहे. ज्या मुलखात माणसं नाइलाजाने इतके कष्ट करतात, तिथे हौसेने कष्ट करणं शोभतं का?

दुसरा प्रश्न हवेतला नाही. पहाटे पाचला तुम्ही रस्त्यावर उतरता तेव्हा तिथे आधीच कुणीतरी धावत असतं. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं आणि मुली. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. त्यांच्या पायात बऱ्याचदा साधे बूट असतात आणि हातात घड्याळ नसतं, मोबाईल असतो. काही सेकंद कमी झाले तर गुण वाढतात, गुण वाढले तर नोकरी. याच साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. तिच्यासारखी एखादी तिथवर पोचते. बाकीच्यांसाठी धावणं म्हणजे एक अर्ज, एक तारीख आणि वयाची मर्यादा.

आणखी पूर्वेला जा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. सांगलीतही तसंच : शिराळ्याकडे भातशेती, जत-आटपाडीकडे दुष्काळ. तिथल्या बायकांनी आयुष्यभर हंडे घेऊन केलेलं चालणं मोजलं तर किती अल्ट्रा होतील, याचा हिशेब कुठल्याच अ‍ॅपवर नाही.

मग हौशी धावणारा ढोंगी ठरतो का? असं म्हणणं सोपं आहे, पण ते टिकत नाही. हौसेचे कष्ट हा काही शहरातल्या खात्यापित्या माणसाचा शोध नाही. दिवसभर शेतात राबलेली पोरं संध्याकाळी तालमीत जाऊन जोर-बैठका मारतात. सातारा-सांगलीच्या कुस्तीची परंपरा अशाच पोरांनी उभी केली. पेरण्या उरकून शेतकरी वारीला निघतो आणि आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ज्यांच्या वाट्याला सक्तीचे कष्ट भरपूर आहेत, त्यांनाही स्वतः निवडलेले कष्ट हवे असतात. कदाचित त्यांनाच जास्त हवे असतात. दिवसभराचं अंग मालकाचं किंवा शेताचं असतं, तालमीतलं तेवढं आपलं.

तेव्हा फरक घामात नाही. तो थांबता येण्यात आहे.

ऊसतोडीचं उदाहरण घ्या. सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांना ऊस तोडून देणारी बरीच माणसं मराठवाड्यातून येतात. येण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाठ मोडली, ताप आला, तरी उचल फिटेपर्यंत फडातून निघता येत नाही. हंडा घेतलेल्या बाईचा पाय मुरगळला तरी घरी पाणी लागतंच. भरतीवाला मुलगा थांबू शकतो, पण वय थांबत नाही. आणि पन्नाशीचा आपला मित्र? त्याच्या मागेपुढे एक गाडी असते. गाडीत केळी, चिक्की, मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी, ओआरएसचं पाणी. कुठल्याही किलोमीटरला तो 'बास' म्हणू शकतो. दार उघडायचं आणि आत बसायचं.

हीच त्याची खरी श्रीमंती आहे. महागडे बूट नंतर येतात. प्रश्न एवढाच उरतो, की ही श्रीमंती तो कशी खर्च करतो.

एक पद्धत म्हणजे ती आपल्याकडे नाहीच असं दाखवायचं. 'मेलो तरी थांबणार नाही', 'शरीर थकतं, मन थकत नाही' वगैरे. फोटोखाली ही वाक्यं छान दिसतात. पण ही भाषा उसनी आहे. ज्यांना खरोखर थांबता येत नाही, त्यांच्या आयुष्यातली ती आहे. आपण ती एका सकाळीपुरती अंगावर चढवतो आणि दुपारी आंघोळ करून उतरवतो. शिवाय पन्नाशीत ती धोक्याचीही आहे. छातीत दुखत असताना, चक्कर येत असताना पुढे पळणं हा निर्धार नसतो, डॉक्टरांना विचारा.

दुसरी पद्धत म्हणजे थांबण्याचा हक्क दुसऱ्यासाठी वापरायचा.

दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची अल्ट्रा आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ साली सुरू झाली. डर्बन आणि पीटरमारिट्झबर्ग या शहरांमधलं साधारण नव्वद किलोमीटर अंतर, मुदत बारा तासांची. भारतातूनही अनेकजण तिथे जातात. मुदत संपताना एक माणूस शर्यतीकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. पाठ अशासाठी, की दोन पावलांवर कोण आहे हे त्याला दिसू नये. न्याय असाच करावा लागतो. शर्यत कुणा एकासाठी थांबली तर ती शर्यत राहत नाही.

आता आपल्याकडचं एक दृश्य. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते. संध्याकाळी तळावर समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदाराने दंड उंचावला की टाळ-मृदंग एकदम थांबतात. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो, म्हणणं ऐकून घेतो, आणि त्यानंतर आरती होते. एवढा मोठा सोहळा एका दिंडीसाठी खोळंबतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

वाढदिवसाची धाव या दोनपैकी कशासारखी? तिथे बंदूक नाही, मुदत नाही, निकाल नाही. तरी आपण तिला कॉम्रेड्ससारखी धावायला जातो. समजा, परतीच्या वाटेवर अडतिसाव्या किलोमीटरला एका मित्राचा गुडघा धरतो. बाकीचे म्हणतात, तू गाडीत बस, आम्ही पन्नास पूर्ण करून येतो. आकडा पूर्ण होतो, स्ट्राव्हावर रेषा उमटते. पण ज्याच्यासोबत साजरं करायचं ठरलं होतं, तो गाडीच्या काचेतून बघत असतो.

इथे दुसरी बाजूही आहे. सगळे थांबले तर त्या मित्राला ओशाळवाणं वाटतं. 'माझ्यामुळे तुझी पन्नाशी हुकली' हे ओझं गुडघ्यापेक्षा जड. कधीकधी 'तू जा' हे तो मनापासून म्हणत असतो. म्हणून हे अडतिसाव्या किलोमीटरला ठरवायचं नसतं, आदल्या दिवशी ठरवायचं. वेग सगळ्यात हळू धावणाऱ्याचा. कुणी थांबलं तर उरलेलं सगळे मिळून चालायचं, तेही जमत नसेल तर तिथेच संपवायचं. आधी ठरलेलं असलं की थांबणं कुणाचं उपकार होत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. मित्रांकडे कष्ट मागावेत का? मागावेत, पण ज्याला सहज नाही म्हणता येईल त्याच्याकडेच. ग्रुपवर सगळ्यांसमोर नाव टॅग करून 'तू येतोयस ना भावा?' विचारणं म्हणजे छोटीशी उचल देणंच आहे. मैत्रीच्या हिशेबात अडकलेला माणूस येतो, पळतो, आणि आतून मोजत राहतो. त्यापेक्षा फोन करावा. म्हणावं, मी पळणार आहे. तू शेवटचे पाच ये, सायकलवर ये, नाहीतर सरळ नाश्त्याला ये.

पन्नाशी हे तसंही थांबणं शिकण्याचं वय आहे. पुढच्या वर्षांत डोळे, गुडघे, नोकरी, आईवडील, एकेक जण 'जरा थांब' म्हणायला लागणार. तेव्हा ज्याला फक्त पुढे पळता येतं त्याची पंचाईत होते.

एवढं ठरवून निघालात आणि सत्तेचाळीसवर कुणाचा तरी गुडघा धरला, तर तिथेच रस्त्याकडेच्या टपरीवर बसा, चहा सांगा. उरलेले तीन किलोमीटर पुढच्या वाढदिवसात घालता येतात.