डाव कुणाच्या पैशांवर?



ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. पोकर, रमी सारे त्यात आले. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कंपन्या न्यायालयात गेल्या. पोकर हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ, हे त्यांचे जुनेच म्हणणे. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरविले होते, तो आधार. नव्या कायद्याने मात्र हा भेदच बाजूला सारला.

आपले तरुणही विचारतात, "फादर, डोके चालवून पैसे मिळविले तर पाप कसले?"

प्रश्न रास्त आहे. ख्रिस्तसभा पत्त्यांना पाप म्हणत नाही (सणाची हौझी आठवा!). मथियाची निवडही चिठ्ठ्या टाकूनच झाली. परंतु खेळापायी स्वतःच्या वा दुसऱ्याच्या गरजेचा घास जाऊ लागला की ते नीतीला सोडून होते आणि खेळाची आसक्ती माणसाला गुलाम करू शकते, असे आपली धर्मशिकवण परिच्छेद २४१३ मध्ये सांगते.

आता कौशल्याचा मुद्दा नीट पाहू या. पोकरमध्ये नवा पैसा निर्माण होत नाही. कंपनी आपला वाटा काढून घेते, उरलेला एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो. कुशल जिंकतो तो अकुशल हरतो म्हणूनच. न्यायालयात कौशल्य हा बचाव ठरेल. न्याय या सद्गुणापुढे तोच आरोप ठरतो. समोरचा तर मोबाइलवर दिसतही नाही. त्याने कदाचित मुलांची फी लावलेली असेल. क्रुसाखाली शिपायांनी चिठ्ठ्या टाकल्या, त्या दुसऱ्याच्या अंगरख्यासाठी.

बंदीमुळे लोक परदेशी, चोरट्या संकेतस्थळांकडे वळतील, त्यापेक्षा नियम करावेत, असे काही जाणकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. मांडवीतील कॅसिनोंच्या बोटींना तर परवाने आहेत. तरीही आम्हांला बंदी बरी वाटते. बोटीवर जायला घर सोडावे लागते. हा जुगार उशाशीच असतो.

ज्यांच्यावर यापायी कर्ज झाले आहे, त्यांनी हरलेले परत मिळविण्यासाठी नवे कर्ज काढू नये. आधी घरच्या माणसाला सांगावे. एकट्याने तोंड उघडवत नसेल तर मिस्सानंतर आमच्याकडे या. आम्ही तुमच्याबरोबर घरी येऊ.