फुकटचे अर्पण



नाताळच्या सरावाच्या दिवसांत आम्ही एकदा गायनवृंदाकडे सहज डोकावलो. मुले एका नव्या यंत्राभोवती जमली होती. संगणक न जोडता आपले आपण चालणारे हे वाद्य. त्यात ऑर्गनचे किंवा व्हायोलिनचे आणखी सूर हवे असतील, तर ‘प्लग-इन’ नावाचे सॉफ्टवेअर भरावे लागते. यंत्र वायफायला जोडायचे, कंपनीकडे खाते उघडायचे, पैसे भरायचे. मग ते सूर यंत्रात उतरतात आणि कंपनी त्या यंत्राला वापराची परवानगी देते. एका तरुणाने विचारले, “फादर, शोधलं तर ह्याचं कुलूप तोडलेली प्रत मिळेल. देवाच्याच कामाला हवी आहे. घेऊ का?”

प्रश्न प्रामाणिक होता. त्याचा विचार आपण सर्वांनीच करावा असे वाटते, कारण असे कुलूप आज प्रत्येक घरात, प्रत्येक मोबाइलमध्ये आहे.

पहिला युक्तिवाद असा : कुणाची सायकल नेली तर त्याला पायी जावे लागते, सॉफ्टवेअरची प्रत काढली तर मूळ प्रत मालकाकडेच राहते. मग चोरी कुठे झाली? ख्रिस्तसभेची शिकवण इथे बारीक भेद करते. सातव्या आज्ञेनुसार मालकाच्या रास्त इच्छेविरुद्ध त्याची वस्तू बळकावणे ही चोरी. म्हणजे त्याचे किती नुकसान झाले एवढेच पाहायचे नसून त्याची संमती होती का, हेही पाहायचे आहे. ह्याच आज्ञेखाली कामगाराची मजुरी बुडवणेही येते.

आणि हे कामगार आपल्याला परके नाहीत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या किती कॅथलिक वादकांनी आयुष्य घातले! १९२७ साली माजोर्ड्याला जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत अशा बहुतेक वादकांची नावे येतच नसत. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी गाण्यातून गुरूचे नाव घराघरांत नेले, हे नशीब थोड्यांचेच. पुढे सिंथेसायझर आले आणि स्टुडिओत व्हायोलिनवाल्यांच्या रांगा आखडत गेल्या. आज यंत्रातून जे व्हायोलिन ऐकू येते, त्यातले पुष्कळसे कुणीतरी खरोखर वाजवलेले, ध्वनिमुद्रित केलेले असते. बटण आपण दाबतो. त्यामागचा गज कुणा दुसऱ्याच्या हातात होता.

दुसरा युक्तिवाद गरिबीचा. संत थॉमस अक्विनास तेराव्या शतकात सांगून गेले, की जीव वाचवण्याची निकड असेल आणि दुसरा मार्गच नसेल, तर भुकेल्याने घेतलेले अन्न चोरी ठरत नाही. पण ही सवलत भाकरीला आहे. ऑर्गनच्या सुरावाचून कुणी उपाशी मरत नाही.

कुलूप लावणाराही निर्दोष असतोच असे नाही. पैसे भरलेल्या ग्राहकाची वस्तू कंपनीने सेवा बंद केल्यामुळे निकामी झाली, तर तोही अन्यायच होय. विकणाऱ्याने दिलेला शब्द पाळला पाहिजे. पण दुसऱ्याच्या अन्यायाचा विरोध उघडपणे करायचा असतो. गुपचूप घेतलेल्या प्रतीने त्याचा हिशेब चुकता होत नाही.

राहिला शेवटचा युक्तिवाद : ‘देवासाठी’. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाण्या-वाजवण्याला सूट दिली आहे. सॉफ्टवेअरची चोरटी प्रत त्या सुटीत बसत नाही. उलट २०१२च्या दुरुस्तीने हक्कभंगासाठी असे कुलूप तोडणे गुन्हा ठरवले. पण कायद्यापेक्षा दावीद राजाची गोष्ट आम्हाला अधिक बोलकी वाटते. वेदी बांधण्यासाठी अरवना यबूसी आपले खळे आणि बैल फुकट देऊ करत होता. संमती होती, भेट मनापासून होती. तरीही राजाने पन्नास शेकेल चांदी मोजली. ज्याची स्वतःला काही झळ लागली नाही असे अर्पण त्याला देवापुढे न्यायचे नव्हते. मालक स्वखुशीने देत असताना दावीद थांबला. मग मालकाला न विचारता आपण कसे घ्यावे?

आम्ही त्या तरुणाला ‘नको’ म्हटले. तो थोडा हिरमुसला. मग सर्वांनी मिळून तीन गोष्टी ठरवल्या. यंत्रात मुळात असलेल्या सुरांवर ह्या वेळी भागवायचे. पुढे वर्गणी काढून एखादे प्लग-इन घ्यायचे झाले तर खाते कुणा एकाच्या नावे न उघडता धर्मग्रामाच्या नावे उघडायचे आणि चर्चच्या मालमत्तेच्या यादीत त्याची नोंद करायची. नाहीतर मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला की किल्लीही त्याच्याबरोबर जाते. आणि तिसरे, एक गीत वाद्याविना गायचे.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत ते गीत सुरू झाले तेव्हा पहिल्या कडव्याला सूर थोडा घसरला. दुसऱ्या कडव्यापासून मागच्या बाकांवरच्या आजीही गाऊ लागल्या.

आज घरी गेल्यावर आपल्या मोबाइलमध्ये, मुलांच्या संगणकात एकदा पाहू या. कुणाचे श्रम तिथे बिनमजुरीचे राबत आहेत?