शेपू, तांबं आणि कोपेर्निक

१४९१ साली पोलंडमधल्या क्राकूव्हच्या विद्यापीठात तोरुन्यहून आलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलाचं नाव नोंदवलं गेलं. नोंद लॅटिनमध्ये आहे. निकोलसचा मुलगा निकोलस, राहणार तोरुन्य, इतकंच तिच्यात लिहिलंय. आडनाव नाही. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. दप्तरी काम भागलं. पाच वर्षांनी हा मुलगा कायदा शिकायला इटलीत बोलोन्याला गेला, तेव्हा तिथल्या वहीत कारकुनाने त्याचं आडनाव 'कोप्पर्लिंक' असं उतरवलं. पुढे पादुआत त्याने 'कोपर्निक' अशी सही केली. आपण त्याला कोपर्निकस म्हणतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असं सांगणारं त्याचं पुस्तक १५४३ साली छापलं गेलं. त्याला पाच शतकं होत आली, तरी आज सकाळी आपल्याकडे सूर्यच उगवला.

त्याच्या आडनावाचं पोलिश रूप कोपेर्निक. पोलंडमध्ये नोव्हाक आडनावाची माणसं दोन लाखांच्या घरात आहेत. नोव्हाक म्हणजे गावात नव्याने आलेला. कोव्हाल्स्कीही पुष्कळ, ते लोहाराच्या धंद्यावरून आलेले. कोपेर्निक मात्र शोधावे लागतात. आहेत, पण मोजके. आणि जे आहेत त्यांच्यात कोपर्निकसचा थेट वंशज कुणी असायचा प्रश्नच नाही. तो स्वतः चर्चचा अधिकारी, अविवाहित. थोरला भाऊ आंजेय, तोही चर्चमध्येच. एक बहीण जोगीण झाली. दुसरी, कातारझिना, लग्न होऊन गेर्टनर घराण्यात गेली. तिच्या पाच मुलांचा सांभाळ मामाने शेवटपर्यंत केला, पण ती मुलं गेर्टनर. त्या घरातलं कोपेर्निक हे नाव तिथेच थांबलं.

सुरुवात कुठे झाली, तेही बघण्यासारखं आहे. दक्षिण पोलंडमध्ये, चेक सरहद्दीच्या अलीकडे, निसा शहराजवळ कोपेर्निकी नावाचं खेडं आहे. तिथून निघालेली माणसं चौदाव्या शतकात क्राकूव्हसारख्या शहरांत पोचली आणि गावाचं नाव त्यांना चिकटलं. आपल्याकडे असती तर गावाला 'कर' लावून मोकळी झाली असती. असं आडनाव लागतं ते गाव सोडल्यावरच. वाईत राहणाऱ्याला वाईकर म्हणून वेगळं काय ओळखणार? तो पुण्याला गेला की वाईकर होतो. ज्या गावात आपण राहत नाही त्याचीच पाटी पिढ्यान्‌पिढ्या दारावर लावायची, ही गंमत पोलंडात आणि महाराष्ट्रात सारखीच.

पण त्या खेड्याला तरी कोपेर्निकी का म्हणतात? इथे भांडणाला तोंड फुटतं. पोलिश भाषेत 'कोपेर' म्हणजे शेपू. आपण मुगाची डाळ घालून भाजी करतो तोच. पोलिश घरांत तो नव्या बटाट्यांवर चिरून पेरतात, काकडीच्या लोणच्यात त्याच्या काड्या घालतात. तेव्हा कोपेर्निकी म्हणजे शेपू उगवतो ते गाव. जर्मन अभ्यासकांना हे पटत नाही. ते म्हणतात, हे 'कुप्फर'वरून आलं. कुप्फर म्हणजे तांबं. निसा ज्या सायलेसिया प्रांतात येतं, तिथल्या डोंगराळ भागात खाणी होत्याच. आणि योगायोग असा की कोपर्निकसचे वडील क्राकूव्हचे व्यापारी, तांब्याचाच व्यापार करायचे. स्लोव्हाक डोंगरांतलं तांबं क्राकूव्हला यायचं आणि विस्तुला नदीवाटे ग्दान्स्कच्या बंदरात जायचं. १४५८च्या सुमारास ते याच नदीकाठच्या तोरुन्यला येऊन स्थायिक झाले. धंदा तांब्याचा, आडनावही तांब्याचं. हिशेब इतका चोख जमतो की संशय यावा. कारण आडनाव घराण्यात आधीच होतं, वडिलांच्या धंद्याच्या कितीतरी आधीपासून.

मला विचाराल तर माझं मत शेपूला. पुरावा म्हणून नव्हे. शेपू कुणाच्या मालकीचा नसतो, बांधावर आपसूक उगवतो, म्हणून. पण खरी गोष्ट अशी की पोलंड आणि जर्मनी यांच्यात दोन शतकं हा वाद शेपू-तांब्यासाठी चालला नव्हताच. कोपर्निकस आमचा की तुमचा, हा तो वाद. मग लोक त्याच्या सह्या मोजू लागले. एक 'प' असेल तर पोलिश, दोन असतील तर जर्मन, असा साधारण हिशेब. अभ्यासकांनी ३१ कागद तपासले. त्यांतल्या २३ कागदांवर 'प' जोडलेला, म्हणजे कोप्पर्निकस. उतारवयात तो एकाच 'प'वर आला. म्हणजे दोन्ही बाजूंना पुरावा आपल्या खिशात असल्याचं समाधान. तो लिहायचा लॅटिनमध्ये, पत्रव्यवहार जर्मनमध्येही करायचा, प्रजा मात्र पोलंडच्या राजाची. ज्याचं नाव त्याला त्या 'प'चं काही वाटत होतं, असं दिसत नाही.

त्या नावासाठी पुढे जिवावर उदार होणारे मात्र निघाले. वॉर्सात कोपर्निकसचा एक भव्य पुतळा आहे, थोरवाल्डसन या डॅनिश शिल्पकाराने घडवलेला, १८३० साली उभारलेला. चौथऱ्याच्या एका बाजूला लॅटिन मजकूर, दुसऱ्या बाजूला पोलिश: 'मिकोवाय कोपेर्निक यांना, देशबांधवांकडून' अशा अर्थाचा. नाझींनी शहर घेतल्यावर हा पोलिश मजकूर झाकून वर जर्मन पाटी ठोकली, त्यावर 'जर्मन राष्ट्राकडून' असं लिहिलेलं. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी आलेक्सी दाविदोव्स्की नावाचा एकवीस वर्षांचा स्काऊट तिथे गेला. त्याने त्या पाटीचे स्क्रू काढले आणि पाटी पळवली. चिडलेल्या जर्मनांनी सूड म्हणून दुसराच पुतळा हलवला, १७९४च्या उठावातला मोची पुढारी किलिन्स्की याचा. तो त्यांनी राष्ट्रीय संग्रहालयात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्याच भिंतीवर अक्षरं उमटली, की वॉर्साच्या लोकांनो, मी इथे आहे. मग शहरभर एक पत्रक लागलं. किलिन्स्कीला हलवल्याच्या बदल्यात हिवाळा सहा आठवडे वाढवण्यात येत आहे, असा त्यात हुकूम होता, आणि खाली सही खगोलशास्त्रज्ञ मिकोवाय कोपेर्निकची! रशियाच्या आघाडीवर जर्मन सैन्य त्या वेळी थंडीने गारठत होतं, हे वॉर्सातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. पुढच्याच वर्षी, मार्च १९४३मध्ये, कैदेतल्या साथीदाराला सोडवण्याच्या चकमकीत दाविदोव्स्की जबर जखमी झाला आणि काही दिवसांत गेला.

ज्या फ्रॉमबोर्क कॅथेड्रलचा तो अधिकारी होता, तिथेच कोपर्निकसला पुरलं होतं, पण नेमकं कुठे, याची खूण राहिली नव्हती. २००५ साली तिथल्या फरशीखाली एक कवटी सापडली. ती त्याचीच आहे हे कसं ठरवायचं? वंशज नाहीत. मग स्वीडनमधल्या उप्सलाला त्याच्या वापरातलं एक पंचांगवजा जाडजूड पुस्तक होतं, सतराव्या शतकात स्वीडिश सैन्याने लुटून नेलेलं. त्याच्या पानांत काही केस मिळाले. त्यांपैकी दोन त्या कवटीच्या दाताशी जुळले. ही जुळणी केली पेशीतल्या अशा डीएनएवरून, जो फक्त आईकडून येतो. म्हणजे आडनावाचा अख्खा तंटा एका बाजूला, आणि त्याची ओळख पटवली ती आई बार्बारा वाटझेनरोडेकडून आलेल्या धाग्याने, जिचं घराणं ना शेपूचं ना तांब्याचं. २०१० साली, २२ मे रोजी, त्याला पुन्हा इतमामाने पुरलं, या वेळी नावाचा दगड लावून.

त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला, त्याच्या जन्मदिवशी, ११२ क्रमांकाच्या मूलद्रव्याला कोपर्निसियम हे नाव अधिकृतपणे मिळालं. शोध लावणारे शास्त्रज्ञ जर्मनीतल्या प्रयोगशाळेतले. त्यांनी आधी चिन्ह सुचवलं होतं 'सीपी'. पण ते चिन्ह पूर्वी दुसऱ्या एका मूलद्रव्यासाठी वापरलं गेलं होतं, गोंधळ नको म्हणून बदलावं लागलं. आता आवर्तसारणीत छापतात 'सीएन'. एकही 'प' नाही.