दिवा तोच, काच धुरकट



लोधीखेड्याहून शनिवारी जाम सावलीच्या हनुमंताला जाणारे आपले कितीतरी परिवार अंधार पडल्यावरच परततात. संत्र्याच्या दिवसांत रस्त्यावर भरलेले ट्रक, मधेच एखादी बैलबंडी, तिला मागे दिवा नाही. अशात आपल्या गाडीचे हेडलाईट पिवळे, दुधाळ झालेले असतील तर? मागच्या सीटवर लेकरं झोपलेली असतात. म्हणून या वेळी सत्संगाला हाच विषय घेतला. हसू नका बरं का.

जुन्या अँबेसिडरच्या दिव्याला खरी काच होती, ती पिवळी पडत नसे. आताच्या गाड्यांना असतं पॉलीकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिकच. कंपनी त्यावर उन्हापासून वाचवणारा पातळ थर देते. आपल्याकडचं ऊन काही वर्षांत तो थर खाऊन टाकतं, मग प्लास्टिकच खराब होऊ लागतं. तो मळ नाही, म्हणून साबणाने जात नाही. बल्ब आत पूर्ण जळतो, पण उजेड काचेतच फाकतो, रस्त्यावर पोचत नाही.

सद्गुरू आपल्याला आत्म्याबद्दल हेच सांगत आले. आतला दिवा कोणाचाच विझलेला नाही. आणि आपण काय करतो? जास्त जोराचा बल्ब लावतो. धुरकट काचेतून तो समोरच्याच्याच डोळ्यांत जातो. अशी भक्ती घरातही दिसते: पूजा दोन तासांची, पण सकाळपासून सुनेला तिची झळच लागते, उजेड नाही.

टूथपेस्ट घासायचा व्हिडिओ सगळ्याच ग्रुपवर फिरतो. थोडी चमक येते, टिकत नाही. एकादशीला उपास अन् द्वादशीला पुन्हा तेच भांडण, तसलं.

खरं काम घासण्याचं आहे. दिवा धुवा, कडेच्या रंगाला मास्किंग टेप लावा. मग 1000 नंबरचा वॉटर पेपर, पाणी सोडत, एकसारख्या हाताने. आधी पिवळं पाणी निघेल. यानंतर काच पहिल्यापेक्षाही पांढरी, आंधळी दिसते, इथेच पुष्कळ जण घाबरून सोडतात. साधनेतही असंच होतं, बसायला लागलो की मन जास्तच मळकं दिसतं. थांबू नका. 2000 घ्या, मग 3000, शेवटी मऊ कापडाने रबिंग कंपाऊंड. आरपार दिसू लागते.

यापुढची पायरी लोक खर्च वाचवायला गाळतात: वरून ऊन अडवणारा यूव्ही क्लिअर कोट. त्या दिवशी फरक कळत नाही. पण कंपनीचा थर आपणच घासून काढलेला असतो, त्यामुळे काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी. सात दिवसांचं पारायण केलं आणि आठव्या दिवसापासून रोजचा नेम सोडला, त्याचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे. कोट सावलीत, धूळ नसेल तिथे मारा आणि डब्यावर लिहिलंय तितका वेळ सुकू द्या.

काचेच्या आत वाफ किंवा पाणी दिसत असेल तर बाहेरून घासून उपयोग नाही, मेकॅनिककडे न्या. तरुण साधकांनी या रविवारी आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या गाड्या आधी पाहाव्या. स्वतःची नंतर.

जय गुरू!